स्वयंपाकघराची भिंत काढताना

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
निवृत्तीचा पाचवा दिवस. मोठा निर्णय घेतला. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत जाणार. कारण संपूर्ण शास्त्रीय आहे : हवा खेळती राहणे.

दुसरं कारण नाही. मी टेबलावर जेवत असतो तेव्हा आत शर्मिला आणि शेजारच्या काशीकाकी हसत असतात, आणि मी आत गेलो की गप्प होतात, हे खरं आहे. सव्वीस वर्षं हेच चाललंय. पण त्याचा इथे काही संबंध नाही. नुसती नोंद करून ठेवतो.

प्लॅन मीच काढणार. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं परीक्षेची बैठक व्यवस्था मी लावली. सातशे मुलं बसवणाऱ्याला एक स्वयंपाकघर म्हणजे किरकोळ. एकदाच सायन्सची मुलं कॉमर्सच्या पेपरला बसली होती. तो दोष शिपायाचा.

६ जानेवारी
आमच्या कट्टा गावात ग्राफ पेपर मिळाला नाही. कणकवलीला गेलो. सहज कॉलेजच्या ऑफिसात डोकावलो. माझ्या खुर्चीवर दीपिका मॅडम. बैठक व्यवस्था आता कॉम्प्युटर लावतो म्हणाल्या, एक मिनिटात. चहा न घेता परत आलो.

जेवताना कॉम्प्युटरबद्दलचं माझं मत सविस्तर मांडलं. टेबलावर मी एकटाच होतो. आत पुन्हा हसणं सुरू.

८ जानेवारी, गुरुवार
यूट्यूबवर किचनचा त्रिकोण समजून घेतला. शेगडी, सिंक, फ्रिज. बाई या तिघांमध्ये फिरते, त्यावरून सगळं ठरतं. सकाळभर दारात खुर्ची टाकून शर्मिलाच्या फेऱ्या मोजल्या. शेगडी १४, सिंक ११, फ्रिज ३, मागल्या दारी ३१. मागल्या दारच्या फेऱ्या त्रिकोणात बसत नाहीत, त्यामुळे वगळल्या.

काय लिहिताय म्हणून तिने विचारलं. डेटा, म्हणालो. तुमका भूक लागली काय, म्हणाली. घावणे दिले. चार खाल्ले.

११ जानेवारी, रविवार
प्लॅन दाखवला. भिंतीच्या जागी ओपन काउंटर. माझ्या बाजूला दोन उंच स्टुलं, तिच्या बाजूला शेगडी. ती रांधते आहे, मी समोर बसलो आहे, मधे गप्पा. 'श' अक्षर घातलेलं वर्तुळ म्हणजे ती.

शर्मिलाने कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, ह्याच्यात माझो आडाळो खंय आसा? (आडाळो म्हणजे आमची विळी. नारळ खवणं, मासे कापणं, सगळं ती जमिनीवर बसून त्याच्यावर करते.) सांगितलं, तो तपशील पुढच्या टप्प्यात. मी काय उभी रवान नारळ खवतलंय, असंही विचारलं. डिझाइन बदललं की सवयी आपोआप बदलतात, असं मी समजावलं. ती मागल्या दारी गेली. फेरी क्रमांक ३२.

१४ जानेवारी, संक्रांत
संकल्प : सगळ्यांशी गोड बोलायचं, गवंड्याशीसुद्धा.

लवू गवंडी आला. त्याने भिंत ठोकली, वर बघितलं आणि म्हणाला, भाऊनू, भिंत चिऱ्याची आसा, ही काढलास तर वयलो वासो तुमच्या ताटात येतलो. पूर्ण भिंत जाणार नाही, चार फुटांची खिडकी होईल. मलाही खिडकीच हवी होती. ओपन काउंटर ही फक्त चर्चेसाठी ठेवलेली कल्पना होती.

खिडकीची खालची कड किती उंचीवर धरूया, त्याने विचारलं. साडेतीन फूट, मी ठामपणे सांगितलं. वयनीक इचारलास काय, म्हणाला. मी त्याला तीस वर्षांचा अनुभव सांगायला सुरुवात केली. त्याला तिळगूळ देईपर्यंत तो सायकलवर बसला होता.

२० जानेवारी
काम सुरू. घरभर तांबडी धूळ. सोलकढीचा रंग आधीच तसा, त्यामुळे चार घोटांनंतर कळलं.

शर्मिलाने रांधणं मागच्या पडवीत हलवलं. जुनी चूल पेटवली. तात्पुरतं आहे. हसणं आता तिकडून येतं. बारीक ऐकू येतं. तेही तात्पुरतं आहे.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी २
खिडकी तयार. कडेला काळा ग्रॅनाइट. अतिशय देखणी. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसलो. समोर फ्रिज दिसला. माणूस दिसलं नाही.

हाक मारली. पडवीतून उत्तर आलं, हडे उजेड बरो आसा, वारो येता, काटे टाकूक मांजार जवळ. आग्रह केल्यावर दोघी आत आल्या. शर्मिला पाच मिनिटं शेगडीपाशी उभी राहिली. अप्रतिम दृश्य. मी गप्पांचा पहिला विषय काढला. तेवढ्यात ती नारळ खवायला खाली बसली आणि दिसेनाशी झाली. काकीही बसल्या. खिडकीच्या खालून नुसता खर्र खर्र आवाज.

मी पुढे वाकलो तेव्हा दोन अंबाडे दिसले. काकींनी मान वर करून, एसटीच्या खिडकीपाशी मागावीत तशी मागणी मला केली, गुरू, मालवणाची दोन तिकिटां दी रे. दोघी हसत सुटल्या, शर्मिलाला तर ठसका लागला.

उंची बरोबर आहे. बसण्याची पद्धत चुकीची आहे.

१ फेब्रुवारी
उपाय सापडला. घाटातल्या वळणावर असतो तसा गोल आरसा. खिडकीसमोरच्या भिंतीवर तिरका लावला. स्टुलावर बसून जमीन दिसते. शर्मिला नारळाएवढी दिसते, पण दिसते.

संध्याकाळ : आरशावर तिने ओटा पुसायचं फडकं, म्हणजे मसोतं, टाकलं आहे.

३ फेब्रुवारी
मसोतं काढलं. थोड्या वेळाने पुन्हा होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
आज सकाळी लवू आला. मला वाटलं, खिडकीचं फिनिशिंग बघायला. तो थेट मागच्या पडवीत गेला. शर्मिलाने पायाने जमिनीवर एक रेघ ओढली आणि इथपर्यंत, म्हणाली. संध्याकाळपर्यंत बुटका ओटा उभा. ग्राफ पेपर नाही, त्रिकोण नाही. बांगडे कापायची जागा, पाण्याला उतार, काकींना टेकायला भिंत. मी टेप लावून पाहिला. कुठेही चूक काढता आली नाही, म्हणून टेप गुंडाळला.

स्वयंपाकघर रिकामं आहे. हवा उत्तम खेळते.

९ फेब्रुवारी
माझं ताट झाकून खिडकीत ठेवलेलं असतं. म्हणजे सर्व्हिंग विंडो म्हणून योजना यशस्वी आहे. रसिकाला पुण्याला फोन करून हे सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही पडवीत जाऊन का बसत नाही? तिला म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीतून पलीकडे बघत बसलो. इतकी मोठी खिडकी, आणि तिच्यातून बघायला काही नाही. वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
ओट्याची पाहणी या निमित्ताने पडवीत गेलो. हसणं थांबलं. चालू द्या, म्हणालो. चालू झालं नाही. उतार ठीक आहे असा शेरा देऊन परत आलो. दारापर्यंत पोचलो नाही तोच सुरू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३
सकाळी ताट खिडकीत यायच्या आधीच पडवीत जाऊन उभा राहिलो. निमित्त सुचलं नाही. काकी म्हणाल्या, उबो काय रवलंस, बस. आणि आडाळो माझ्याकडे सरकवला.

दीड नारळ खवला. खोबऱ्यात करवंटीचं काळं आलं, बोटही कापलं. शर्मिलाने मी खवलेलं खोबरं बाजूला काढून ठेवलं, कोंबड्यांसाठी. मग मी सरळ विचारलं. सव्वीस वर्षं मला हे विचारायचं होतं. तुम्ही एवढं कशाला हसता?

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, तुझ्यार. आनी कोणार? शर्मिला बांगडा कापता कापता मान वर न करता म्हणाली, तुमी थंय टेबलार एकटेच बसान भाताक भाषण देतास, ता सगळा आयकाक येता. भिंत होती तेव्हाय येत होता.

मी म्हणालो, मी भाताला भाषण देत नाही, मी मुद्दे मांडतो. शर्मिलाला हातातला बांगडा खाली ठेवावा लागला. काकींनी डोळे पुसले. मग मीही हसलो, कशाला ते नीट कळलं नाही.

उद्या शनिवार, मासे नाहीत. नारळ तीन आहेत. सकाळी नऊला हजर राहायचं आहे. काळं येईपर्यंत खवायचं नाही, आणि बोलायचं नाही, असं मला सांगितलं आहे.