एफ म्हणजे फॅमिली

३ जून, सकाळ
लेकीला अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात जायचंय. त्यासाठी स्वतः केलेली फिल्म वीस तारखेपर्यंत पाठवायची. घरचा कॉम्प्युटर फिल्म उघडली की मान टाकतो. मेहुणा म्हणाला, दाजी, तिला माझ्याकडे पाठवा, माझं मशीन रिकामंच आहे. मी म्हटलं, काही गरज नाही, नवा प्रोसेसर मी निवडतो. बजेटमधलेही हल्ली भारी असतात. दोन दिवसांचं काम.

८ जून
अजून निवडला नाही. हे काय भाजी निवडणं आहे? कोअर, थ्रेड, सॉकेट, कॅश. कॅश म्हणजे रोख नव्हे, हे आज कळलं. प्रगती आहे. ही म्हणाली, लेक जेवताना बोलत नाही. एकाग्रता असावी.

१२ जून
निवडला! दोन अगदी सारखे होते, एकाच्या नावापुढे एफ आणि तो स्वस्त. ऑफिसात विचारलं असतं, पण हसले असते. खूप विचार केला. एफ म्हणजे फॅमिली. घरगुती वापराचा, म्हणून स्वस्त. दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स कार्ड आहे ना घरी? कार्ड गळ्यात मारायचा डाव. ठणकावून सांगितलं, आहे. त्याला लागणारा नवा बोर्डही घेतला आणि येताना जुना प्रोसेसर, बोर्डासकट, मोडीत दिला.

१५ जून
जोडला. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन काळा. केबल बदलली. मॉनिटरला चापट मारून पाहिली. अर्धी फिल्म ह्याच डबड्याच्या हार्ड डिस्कमध्ये अडकलीय.
लेक दारातूनच म्हणाली, बाबा, होईल ना? होईल म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

१७ जून
कंपनीला फोन लावला. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र दिसणार नाही. पुन्हा विचारलं. फॅमिलीचा काही संबंध नाही म्हणे. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. पोरीचं वर्ष माझ्यामुळे जाणार. दुकानदाराकडे कुठल्या तोंडानं जाऊ? आता कार्ड तरी नीट निवडायला हवं. उद्यापासून अभ्यास. घाई नको.

१९ जून, संध्याकाळ
कार्डं शॉर्टलिस्ट केली. डबडं उघडून बघतो तर हार्ड डिस्क गायब, नुसती वायर लोंबतेय. चोरी झाली म्हणून ओरडलो. ही शांतपणे म्हणाली, परवाच लेकीनं स्क्रू काढून डिस्क मामाकडे नेली, तिथेच राहून काम करतेय. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तुमचा अभ्यास चालला होता.

२१ जून
फिल्म वेळेत पोचली. हायसं वाटलं. सगळ्यांनी ती मेहुण्याकडेच पाहिली. मी आज मोबाइलवर. छान केलीय पोरीनं, डोळे भरून आले. शेवटी पाटी येते: माझ्या फॅमिलीचे आभार. खाली आई, मामा.
थांबवून थांबवून पाहिली. मोबाइलचा स्क्रीन लहान, पुढचं नाव कापलं जात असणार. मोठ्या स्क्रीनवर नक्की दिसेल.
आधी कार्ड निवडायला हवं.