वर केलेला हात

दिनांक ९ मार्च, दुपार

चिरंजीव धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. भावजयीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? तिला म्हणावं, माहेरचा पाहुणचार आता पुरे. इकडे ठीक. छप्पर गळतं, तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, मी दोघांचंही ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

काल बर्फाच्या कारखान्यात होडीवाल्यांची सभा झाली. म्हणून पत्र. म्हणजे, म्हणूनच असं नाही, आठवणही येत होती.

मागचे दोन हंगाम आपण सगळ्यांनी सुरमई वाढावी म्हणून सोडून दिली. जाळ्यात आली तरी परत पाण्यात. केवढी फुशारकी मारली होती! आणि हात रिकामे नकोत म्हणून बारक्या तारलीवर तुटून पडलो. कल्पना तुझी, नवी होडीही तू त्याचसाठी बांधलीस. काल मासेखात्याच्या बाईंनी सभेपुढे एक सुरमई चिरली. पोट रिकामं, अंगावर मांस नाही. तारली हेच तिचं जेवण.

"पाहुणीला घरात ठेवलंत आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलंत," बाई म्हणाल्या.

मला आपल्या शाळेचा एकुलता वर्ग आठवला, लहानमोठे सगळे एकत्र. गुरुजी समुद्राची कविता म्हणून घ्यायचे. तू मधली ओळ गाळायचास, मग पुढची कुणाच्याच जिभेवर येत नसे. खिडकीतून वारा तेवढा यायचा. तसंच झालंय आता. तारली गेली, सुरमई वाळली, खडकावर पक्षी बसेनात. बाईंचं म्हणणं, एकेक मासा राखून भागणार नाही. तारली, तिची पिल्लं वाढतात ते उथळ पाण्यातलं गवत, सगळं एकत्र राखा. वर्षभर तिथे जाळं नको.

हात मोजले, दोन्हीकडे सारखे. राहिलं आपलं घर.

"दादा, मत देताय की डुलकी लागली?" बर्फवाला ओरडला.

घराचं मत एकच आणि ते थोरल्याच्या हाताचं, ही आपली रीत. तू फोनवर बजावलं होतंस, 'नको' म्हण. मी 'बरं' म्हणालो होतो.

मी बंदीसाठी हात वर केला, धाकट्या. उथळ पाणी बंद झालं. तुझी होडी वर्षभर वाळूवर.

का, ते नीट सांगता येत नाही. त्या माशाकडे बघवेना. दिलेला शब्द फिरवला, एवढं कळतं. रात्रभर कूस बदलत होतो. वहिनी म्हणाली, "आता पत्र लिहा तरी, की तेही वाळूवर ओढून ठेवणार?"

आज सकाळी सभेच्या कारभाऱ्याला सांगून आलो: यापुढे आमच्या घराचं मत धाकट्याच्या हाताचं. त्यानं दोनदा विचारलं, "नक्की ना?" पुढच्या हंगामाआधी सभा पुन्हा बसेल. उघडा म्हणालास तर उघडेल. मी मागच्या बाकावर असेन, मध्ये बोलणार नाही.

तुझ्या रागाला पात्र, आणि तरीही थोरला,
दादा