किटलीचंच बटण वाजतं

सांडोर, रविवार, २८ मार्च २००४
परवा लिहिलं, 'वाडीतल्या बायका मतदान शिकल्या.' चूक. मी त्यांना चुकीचं शिकवलं.

या वेळी कागद-शिक्का नाही, मशीन. म्हणून आप्पाकाकांनी आमच्या अंगणात 'मतदार शिक्षण' भरवलं. त्यांच्या मिलिंदने प्लायवूडची पेटी केली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे; पेटी तिसरीतल्या पोराची वाटते. सहा चिन्हं, सहा बटणं. मी एकेकीचं बोट धरून दाबायला लावलं. म्हटलं, लांब आवाज आला की मत पडलं. ते खरंच. पण पेटीत फक्त किटली वाजते, काकांच्या उमेदवाराची. बाकीच्या तारा सुटल्या असतील, असं मला वाटलं. वाटलं! विचारलं नाही.

सोम. २९
मिलिंदला विचारलं. "सुटल्या नाहीत गं, जोडल्याच नाहीत. दुसऱ्यांची चिन्हं आपण कशाला वाजवायची?"
काका म्हणाले, "त्यांनी आपापल्या पेट्या कराव्यात."
यांनीच फळ्यावर 'लोकशाहीचा जागर' लिहवून घेतलं होतं. चहा-बिस्किटं वाटून बायकांना एक बोट हलवायला शिकवलं. झाला जागर.

गुरु. १ एप्रिल
शेजारच्या हिराकाकूची विहीर खारी झाली. टँकरवाले आजूबाजूच्या विहिरी उपसून पाणी विरारच्या बिल्डिंगांना नेतात. आपली विहीरही काकांनी त्यांनाच दिलेली. बादलीवाला उमेदवार टँकर बंद करू म्हणतो. करेल कसला! पण काकूला त्यालाच मत द्यायचं होतं. होतं.

कुंपणापाशी म्हणाली, "पन बाय, बादली मुकी."
"मुकी कशी?"
"तूच तं बोट धरून दावलंस. वाजला नाय तं मत नाय. फुकट कशाला घालवू? आता किटली तं किटली."
वर माझ्या ओच्यात वांगी घातली. शिकवल्याबद्दल.

शुक्र. २
तिला सांगितलं, खऱ्या मशीनवर सगळी वाजतात.
"वाजतात तं वाजवून दाव."
काय दाखवू?

रवि. ४
बाबांना सांगितलं. "गप्प बस. जूनपासून बालवाडीत लागायचंय ना? कोणाच्या शब्दावर?" किटलीवाल्याच्या. मोठ्या भावासमोर बाबांचा आवाज निघत नाही, माझ्यापुढे चढतो. भित्रे. मी त्यांचीच. नोकरी गेली तर... आणि तरी, जी स्वतः खोटं शिकवते तिने पोरांना काय शिकवायचं?

शुक्र. ९
शाळेआधी आईने मला घरीच पाटीवर शिकवलं. चुकलेलं अक्षर मीच पुसायचं, ती पुसून द्यायची नाही. आज तिला विचारलं, काय करू? म्हणाली, "मला कशाला विचारतेस?" आणि तांदूळ निवडत बसली. निदान नको तरी म्हणाली नाही.

पण हा बादलीचा प्रचार होईल का? फार विचार केला. एकटी बादली जोडली तर होईल. सगळी जोडायची. तो कंगवा चिन्हाचा अपक्षसुद्धा, ज्याला घरची बायको मत देणार नाही. कोणतं दाबा ते तोंडातून काढायचं नाही.

रवि. ११
वसईहून तार आणली. सगळे देवळात गेले तेव्हा पेटी उघडली. आत एक बेल, एक सेल आणि मिलिंदची अक्कल. जेवणं व्हायच्या आत उरलेली पाचही जोडली. गोधडीत गुंडाळून एकेक दाबून पाहिलं. कंगवाही वाजला.

मंगळ. १३
काका खुशीत. शनिवारी पेटी जूचंद्रला न्यायची, वर्ग मीच घ्यायचा. "तुझ्यावर बायकांचा विश्वास आहे, बाळा." म्हणूनच बोट धरायला मी लागते, काकांचा स्वतःवर असता तर या बेलची गरज नव्हती.
शनिवारी नेण्याआधी मिलिंद पेटी तपासणार. कळेलच. कळू दे. नको. कळू दे.

त्याच्या आदल्या दिवशी मीच सगळी वाजवून दाखवणार. शुक्रवार, १६ एप्रिल, संध्याकाळी, बायका हिराकाकूच्या ओटीवर माठाच्या भाजीच्या जुड्या बांधायला बसतात तेव्हा.