खिडकीजवळचं टेबल

७ मार्च, गुरुवार

हाकललं नाही, एवढंच! बाकी सगळं केलं.

गेले होते यांच्या दुकानात. म्हणजे आता ते दुकान नाही, परदेशी जोडप्याचं हॉटेल आहे — तीन वर्षं झाली. भाड्याचं सगळं मुलगा बघतो, मी नुसती सही करते. त्यामुळे तिथे मला कुणी ओळखत नाही. हे गेल्यापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. पण एकतीस तारखेला करार संपतोय आणि परवा मुलगा नवे कागद घेऊन आला. "आई, इथे सही कर." म्हटलं, आधी एकदा जेवून बघते. खिडकीजवळ बसून. हे तीस वर्षं जिथे पुस्तकं बांधत बसले, तिथे आता माणसाला धड बसू देतात की नाही ते बघते. मग सही.

दारात मालकीण उभी. उंच, शेलाटी — चवळीची शेंगच! "बुकिंग?" आत सगळी मिळून तीन माणसं. नाही म्हटलं, तर असं बघितलं की जणू मी वर्गणी मागायला आलेय. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं, पण त्यावर 'राखीव' अशी पाटी. मला नेऊन बसवलं हात धुवायच्या बेसिनपाशी. सूप पीत होते तोवर दोघं जण माझ्या पदरावर हात झटकून गेले.

मी उठेपर्यंत ते टेबल रिकामंच. ज्याच्यासाठी राखून ठेवलं तो बहुतेक अजून वाटेत असेल.

८ मार्च

मुलगा म्हणतो, "आई, आजकाल सगळीकडे अशीच पद्धत असते. तू उगाच मनाला लावून घेतेस."

लावून घेत नाही. लिहून ठेवतेय.

१२ मार्च, मंगळवार

पुन्हा गेले. बरी साडी नेसून, चष्मा पुसून. पुन्हा बेसिन!

मेनू कार्ड नाहीच. टेबलावर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला. वेटर म्हणाला, "मावशी, यावर फोन धरा." हा वेटर आपल्याकडचाच, चाळिशीचा, केस चापून बसवलेला. मी त्याचं नाव टापटीप ठेवलंय. त्याला माझा बटणांचा फोन दाखवला. त्याने एक उसासा सोडला आणि सगळी यादी पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली. मी वही काढून उतरवून घेतली. नाहीतर त्या नावांतून मागवायचं काय ते कळणार कसं? चवळीची शेंग गल्ल्यामागून बघत होती. मी मान वर केली की तिची खाली.

परातीएवढ्या ताटात लिंबाएवढं जेवण आलं. चव मात्र चांगली, खोटं कशाला बोलू. पलीकडे त्यांच्यासारखीच परदेशी दोन पोरं एकेका कॉफीवर लॅपटॉप उघडून बसली होती, मी यायच्याही आधीपासून. त्यांना कुणी काही विचारत नाही. माझा शेवटचा घास अजून तोंडात, आणि बिल हजर!

निघताना छताकडे बघत राहिले. यांचा दिवा टांगायचा आकडा अजून आहे. त्याला आता वेताची टोपली उलटी टांगलीय. तोच दिवा म्हणे.

१४ मार्च, गुरुवार

मी चौथीपर्यंत शिकले. वाचायला खरी शिकले ती त्या दुकानात, दुपारचा डबा घेऊन गेल्यावर. हे जेवायचे आणि मी बांधायला आलेले सुटे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा छापील पानांच्या जुड्या, उचलायची. सोळा पानं वाचून होतायत न होतायत तोच, "आण इकडे, टाके घालायचेत." कधी मधली सोळा, कधी शेवटची सोळा — हाताला लागतील ती. त्यामुळे कितीतरी मुलींची लग्नं झाल्याचं मला ठाऊक आहे, कोणाशी झाली ते नाही! कुरकुर केली की हे म्हणायचे, "मग राहिलेलं तूच रच." मी रचायची. घरी येताना वाटेत ऐकवायची. हे हूं हूं करत चालायचे. पटलं नाही की हूं बंद.

चार वर्षं झाली. हूं म्हणणारं कुणी नाही, म्हणून ही वही.

१९ मार्च, मंगळवार

आज सरळ विचारलं. "खिडकीतली जागा कोणाची?"

"राखीव आहे, मावशी."

"अरे, बारा दिवस झाले. निघालेत तरी का ते घरून?"

टापटीपला हसू फुटलं, पण मालकिणीकडे बघून त्याने ते गिळलं. ती स्वतः आली. मला वाटलं, काही बोलेल. तर ती 'राखीव'ची पाटी टेबलाच्या बरोब्बर मधोमध सरकवून गेली, बुद्धिबळातला घोडा सरकवावा तशी!

मुलाला सांगून टाकलं, सही विसर. तो तणतणला. "तीन वर्षांत त्यांनी एकदाही त्रास दिला नाही, आणि तू एका टेबलासाठी अडून बसलीस?"

हो. टेबलासाठीच.

२१ मार्च

गेले नाही. पाय निघाले होते.

२६ मार्च, मंगळवार

खिडकी मिळाली!

दारातच दोघं उभे. दाढीवाला नवरासुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आलेला, ओले हात पाठीमागे धरून. पाटी गायब, टेबलावर फुलं. चवळीच्या शेंगेने खुर्ची ओढून दिली. लक्षात आलं — मुलाने फोन करून सांगितलेलं दिसतंय मी कोण ते. घास काही गोड लागेना. मला नव्हतंच बसवलं तिथे, घरमालकिणीला बसवलं होतं.

आणि बसल्याबसल्या दिसली ती भिंत. खिडकीखाली ओलीने फुगलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले. टापटीपला विचारलं, तेव्हा त्याने सगळं ओकून टाकलं. "तिथे आम्ही कुणालाच बसवत नाही, मावशी. आणि तुम्हाला तर नाहीच! बाईंना वाटलं, तुम्ही नगरपालिकेकडून तपासणीला येताय. वही काढता, सगळं लिहून घेता, जाताना छत बघता. ओल दिसली की हॉटेल बंद! बेसिनपाशी बसलं की ही भिंत दिसत नाही."

हसता हसता ठसका लागला मला. अरे, ती ओल आमचीच! यांनी तिच्यापुढे पुठ्ठ्यांचा ढीग रचून ती तीस वर्षं झाकली. दुरुस्त करून देणार कोण? मीच!

चवळीची शेंग हसली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मग, आम्ही राहायचं इथे?" टापटीप हळूच सांगत होता, आधी दोन जागांवरून उठवलंय त्यांना. या गल्लीतलं तर कुणी जेवायलाही येत नाही. दुसरीकडे एक जागा बघून ठेवलीय, तिथे महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी म्हटलं, "बघू."

'बघू' म्हणताना काय बरं वाटलं!

२८ मार्च, गुरुवार

कागद समोर आहेत. सही करणारच आहे. ओलही काढून देणार, गवंड्याशी बोललेसुद्धा. पण सगळं एकतीसलाच सांगेन. इतके दिवस मला बेसिनपाशी बसवलं, मग मी तीन दिवस घोळवलं तर काय बिघडलं?

मुलगा म्हणतो, "आई, तू लहान मूल झालीस."

असू दे.

३० मार्च, शनिवार

दुपारी दार वाजलं. उघडलं तर चवळीची शेंग! एकटीच. हातात केकचा डबा.

घरात हा पसारा, माझे केस सुटलेले. तोंडातून आलं, "काय काम होतं?" माझा एक हात चौकटीवर. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती, यांनी बांधलेल्या पुस्तकांच्या कपाटाकडे. काहीतरी म्हणाली, अर्धं कळलं. यातली सगळी वाचली का, असं असावं. म्हटलं, "उद्या बोलू." डबा घेतला. ती जराशी थांबली. मीही थांबले. मग जिना उतरून गेली.

केक छान होता. दोन तुकडे खाल्ले.

३१ मार्च, रविवार

सकाळी सही केली. कागद घेऊन मीच गेले. टापटीप एकटाच होता, खोक्यात बश्या भरत. म्हणाला, "काल संध्याकाळीच त्यांनी दुसऱ्या जागेला होकार कळवला, मावशी."

असं कसं, म्हटलं. काल तर घरी येऊन गेली!

"तेच सांगत होत्या. म्हणाल्या, 'आत या' म्हटलं नाही."