चौऱ्याहत्तरनंतरची गाडी

प्रिय मावशी,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. बोलायचं होतं, पण तू "दूध उतू जाईल" म्हणत फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये एक एमजी मिजेट आली, ती जुनी, उघड्या टपाची, दोनच सीटांची विलायती गाडी. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी हौसेने घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलेलं, त्र्याहत्तरची आहे, १२७५ सीसीची. जुने कागद हरवलेले, तेव्हा खरं साल आणि इंजिन ठरवून द्यायचं काम माझं. गाडी दिसायला तशीच होती, पुढे-मागे चकचकीत स्टीलचे बंपर. पण पाणी कुठे मुरतंय ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. मागच्या चाकावरची कमान पाहिली. त्या सालची असती तर गोल असती, ही चपटी. बॉनेट उघडलं, तर इंजिन १४९३ सीसीचं. म्हणजे चौऱ्याहत्तर संपता संपता मॉडेल बदललं, त्यानंतरची गाडी. तिला मुळात काळे रबरी बंपर असतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अहो, ते काळे घरी पडलेत की! गाडीबरोबर फुकट मिळाले." दुसऱ्या दिवशी घेऊनच आल्या.

मागचा बंपर मी दारातल्या उन्हात ठेवला, चहा घेऊन शेजारी बसले आणि सहज त्यात नख रुतवलं.

माझी ती आठवण तुला पाठ आहे. सीटांच्या मागच्या अरुंद फळीवर मी शालीत गुरफटून पडलेय. इंजिनाची घरघर पाठीत शिरतेय. वर नुसतं आभाळ, आणि झाडांचे शेंडे त्यातून पोहत मागे जाताहेत. गाडी चालवणारी बाई काहीतरी गुणगुणतेय. मला दिसतात ती फक्त तिच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाची फडफडणारी टोकं. चेहरा कधीच दिसत नाही. आईची म्हणून माझ्यापाशी एवढीच चीज. ताप आला, शाळेत कुणाशी बिनसलं, की मी डोळे मिटून त्या फळीवर जाऊन पडायचे. एकदा जेवताना सगळ्यांना ती सांगितली. बाबा काही बोलणार, तेवढ्यात तू वाढता वाढता म्हणालीस, "हो, छान चालवायची तुझी आई."

पण त्या आठवणीचं शेपूट मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. गाडी थांबते. ती बाई मला उचलून मागच्या बंपरवर बसवते. काळा, उन्हाने कोमट, मऊसर. मी नख रुतवते. चंद्रकोर उमटते, हळूहळू पुसट होते. मग शेजारी दुसरी.

चहा गार झाला. आई गेली ती चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये. माझ्या नखाखालची गाडी तेव्हा जगात आलीच नव्हती.

तू वाचनालयात जातेस ती वेळ बघून बाबांना फोन केला. विचारलं, ती गाडी कुणाची? ते हसले. "तुझ्या आईला सायकलसुद्धा येत नव्हती गं," म्हणाले. "गाडी तुझ्या मावशीची. आई गेल्यावर तू दुपारची झोपायची नाहीस, नुसती रडायचीस. मैत्रिणीची पोर म्हणून ही यायची, तुला शालीत गुंडाळून मागे ठेवायची आणि डोळा लागेपर्यंत फिरवून आणायची. आमच्या लग्नाचा विषयही नव्हता तेव्हा. तू जेवताना बोललीस त्या दिवशी मी हिला म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणाली, आईचं तिच्यापाशी दुसरं आहेच काय? राहू दे तिला."

आईची एकुलती आठवण गेली म्हणून मी रडले, खोटं कशाला सांगू. पण दोन दिवस झाले, डोळे मिटले की ती रुमालवाली बाई मान वळवून बघते, आणि तिच्या नाकावर तुझा तीळ असतो. तू बसमध्ये बसल्या बसल्या "अरे बदल की गिअर" असं पुटपुटायचीस, आणि धाकटा आणि मी खिदळायचो. हिला हे कसं कळतं, असं आम्हां दिवट्यांच्या मनातही आलं नाही.

आता पत्राचं कारण. बाईंनी काळे बंपर पुन्हा बसवून घेतलेत. शनिवारी गाडी चालवून बघायची आहे, आणि ती तू चालवावीस अशी मी त्यांची परवानगी काढली आहे. वर्कशॉपमागे जुनी धावपट्टी आहे, तिथे चिटपाखरू नसतं. गुडघ्यांची सबब चालणार नाही, क्लच मी हलका करून ठेवलाय. दहा वाजता घ्यायला येते, रुमाल बांधून तयार राहा. बाबा म्हणत होते, मीही येतो. त्यांना सांगितलं, गाडीत जागा दोघींचीच आहे.

तुझीच लेक