मापाची दोरी

प्रिय समरजीत,

तात्यासाहेब जिवंत आहेत. आज, शनिवारी सकाळी साडेदहाला मी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलले. नंतर गरिमाने फोन हातात घेऊन सांगितलं की ते उशीला टेकून बसलेत, अर्धी वाटी लापशी खाल्ली आणि बिनसाखरेचा चहा परत पाठवला. तुझ्या भावजयीवर तुझा विश्वास असो नसो, सध्या ती खोटं बोलायच्या पलीकडे दमलेली आहे. गुरुवारी माझ्या दुकानाच्या ऑनलाइन पानावर तू जे पाहिलंस आणि त्यावरून जे समजलास, तसं काही झालेलं नाही. एवढं आधी वाच, बाकीचं मागाहून वाचलंस तरी चालेल.

पत्र हाताने लिहिते आहे. पानांचे फोटो काढून तुझ्या त्या बिनचेहऱ्याच्या खात्यावर पाठवीन, कारण टपालावर घालवायला दिवस नाहीत. गरिमाने तुझा नागपूरचा नंबर दिलाय, पण ती म्हणते मुरारच्या घराचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस. मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. आणि फोन ठेवला की ठेवला. कागद खाली ठेवलास तरी परत उचलता येतो.

बाबा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ग्वाल्हेरला दाना ओलीच्या गल्लीतलं पगड्यांचं दुकान मी बघते. पहिली दोन वर्षं तर गिऱ्हाइकं यायची आणि शिवाजीराव कुठे आहेत म्हणून मलाच विचारायची. मग तीही कमी झाली. लग्नाला आता भाड्याचे तयार फेटे मिळतात, शिंदेशाही पगडीसाठी तीन आठवडे थांबायला कोण बसलंय? दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या मंदाताईंनी मला जवळजवळ ओढतच सिटी सेंटरला नेलं. तिथे बायकांच्या छोट्या धंद्यांसाठी तीन दिवसांचा वर्ग होता. लोणचीवाली, शिवणकामवाली, ब्यूटी पार्लरवाली आणि मी. शिकवायला स्मृती नावाची चोवीस वर्षांची मुलगी. ती मराठीत सुरू करायची आणि वाक्य हिंदीत संपवायची. काकू, लोकांना चेहरा नको असतो, हाथ दिखाओ, हाथ. काकू, पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर गया काम से.

मी अगदी ढ विद्यार्थिनी. कोणी आवडल्याचा लाल बदाम पाठवला की खाली लिहायची, नमस्कार, आपल्याला कोणती पगडी हवी आहे? एका वेळी साठ जणांना विचारलं होतं. स्मृती कपाळाला हात लावून म्हणाली, काकू, ते प्रेमाने देतात, खरेदीला आलेले नाहीत. पहिलं रील केलं तेव्हा फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता, त्यात सव्वा मिनिट फक्त माझं कोपर दिसतंय. पण हळूहळू जमलं. चंदेरीचं तलम कापड दोघींनी दोन टोकांना धरून पिळायचं, तो पीळ लाकडी साच्यावर बसवत न्यायचा, कपाळावरचं टोक वळवायचं. आपल्याला यात नवल काय, पण लोक बघत बसतात. बडोद्याहून, कोल्हापूरहून मागणी आली, एका नाटक मंडळीने अकरा पगड्या नेल्या. चौदा हजार माणसं आता माझे हात ओळखतात. स्मृतीने शिकवलेली एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून कधी मोडली नाही. टाकण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघायचे. मागे कोणाचा पत्ता, कोणाचा फोन नंबर, कोणाचं लहान मूल दिसत नाही ना, एवढं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

त्या चौदा हजारांत तू आहेस हे मला गेल्या मार्चमध्ये कळलं. एक खातं, फोटो नाही, स्वतःचं काही टाकलेलं नाही, आणि ते फक्त दोन पानं बघतं. एक माझं दुकान, दुसरं ग्वाल्हेरचं रोजचं हवामान सांगणारं. मी रोजची स्टोरी टाकली की बघणाऱ्यांच्या यादीत ते असायचंच. मग मी मापाच्या दोऱ्यांचं रील केलं. आमच्याकडे माप वहीत लिहीत नाहीत हे तुला माहीत आहे. सुती दोरी डोक्याभोवती फिरवायची, टोकं भेटतील तिथे गाठ मारायची, गाठीला नावाची चिठ्ठी बांधायची आणि त्या घराण्याच्या खिळ्यावर टांगायची. त्या रीलमध्ये मी सहज बोलून गेले की आयुष्यातली पहिली दोरी मी अकरावीत असताना घेतली, बाबांना चष्मा सापडत नव्हता आणि दसऱ्याची पगडी करून घ्यायला आलेला मुलगा माझ्याच वर्गातला होता, मान इतकी ताठ धरून बसला की मला वाटलं श्वास घ्यायला विसरला. त्या खात्यावरून एक बदाम आला आणि पाच मिनिटांत परत घेतला गेला. असं दुसरं कोण करणार, समरजीत?

मी ओळख दिली नाही. तू बघतोयस एवढं पुरे होतं. तात्यासाहेबांना, तुझ्या वडिलांना, मात्र एवढं पुरे नव्हतं, हे मला या आठवड्यात कळलं.

सोमवारी दुपारी गरिमा दुकानात आली. बसली नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, ताई, जेठजींच्या मापाची पांढरी पगडी करून ठेवा, बिना जरीची, आणि किसी को पता नहीं चलना चाहिए. पांढरी आणि जरीशिवाय म्हटल्यावर मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. आई-बाप गेले की तेराव्याला थोरल्याच्या डोक्यावर ठेवतात ती. तात्यासाहेबांचं हृदय आता नावापुरतं चालतंय. डॉक्टर म्हणाले, दिवस मोजू नका, पण लांबचे बेतही करू नका. तुझ्या मापाची करायची हे तुझ्या धाकट्या भावाने, दिग्विजयने सांगितलंय, असंही ती म्हणाली. या वेळी दादाचीच, असं त्याने तिला दोनदा बजावलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीचं तुला मी सांगायला नको. तरी सांगते, कारण तू फक्त तुझ्या जागेवरून पाहिलंस. जानेवारीच होता. तुझ्या आई, विजयाबाई, पहाटे गेल्या, तू निघालास आणि तुझी गाडी झाशीच्या अलीकडे अकरा तास धुक्यात उभी राहिली. लोक दुपारी तीनपर्यंत थांबले होते. मग तात्यासाहेबांनी अग्नी द्यायला दिग्विजयला पुढे केलं. तेराव्याला बाबांनी केलेली पांढरी पगडी घेऊन मीच मुरारला आले होते, ती तुझ्या मापाची होती. तुझे मामा ती तुझ्या डोक्यावर ठेवायला उठले आणि तात्यासाहेब भर मांडवात म्हणाले, जो वेळेवर होता त्याच्या डोक्यावर ठेवा. ती दिग्विजयच्या कानांवर उतरली. एक लहान मुलगी हसली, तिच्या आईने तिला चिमटा काढला. तू उघड्या डोक्याने उभा होतास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. एवढं सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत नाही ते हे, की दिग्विजय दुसऱ्या दिवशी ती पगडी आमच्या दुकानात ठेवून गेला. घरात डोळ्यांसमोर नको म्हणाला.

बुधवारी मी तुझी दोरी खिळ्यावरून काढली आणि काम सुरू केलं. गुरुवारी दुपारी चांगलं ऊन पडलं होतं, रोजच्यासारखा फोन लावला आणि पीळ बसवतानाचं रील टाकलं, स्टोरीलाही लावलं. खाली फक्त लिहिलं, साधी पगडी. दोरी साच्याशेजारी पडली होती आणि चिठ्ठी सरळ वर तोंड करून होती. समरजीत, मुरार. दोनच शब्द.

गावाबाहेरच्यांना त्यात छान पांढरं कापड दिसलं. आपल्या लोकांना सगळं दिसलं. शुक्रवारी दहा वाजेपर्यंत लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत तात्यासाहेब गेले होते. खाली कोणीतरी हात जोडले, मग हात जोडणाऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, फार मोठा माणूस. मी रील काढून टाकलं, पण तोवर ते नातेवाइकांच्या गटांवर पोचलं होतं, आणि तिथून काढणं माझ्या हातात नव्हतं. मंदाताई घाईघाईने आल्या आणि म्हणाल्या, निवेदिता, माणूस गेल्याचं तू कापडावरून जाहीर करतेस? गल्लीत दोघीतिघी कुजबुजत होत्या की गिऱ्हाईक मिळवायला ही आता मरणसुद्धा दाखवायला लागली. गरिमाचा फोन आला, ती ओरडली नाही, रडली. ताई, ये क्या कर दिया आपने. मी म्हटलं, चूक झाली, चिठ्ठी दिसली नाही. दिग्विजय आला, पाच मिनिटं साच्याकडे बघत उभा राहिला. त्यालाही तेच सांगितलं. स्मृतीने विचारलं, काकू, कोपरे नाही बघितले? तिलाही सांगितलं, घाईत राहिलं.

सगळ्यात वाईट झालं ते मुरारला. तुझ्या सुलोचनाकाकूंनी सांत्वनाला फोन लावला, आणि गरिमा औषध आणायला खाली गेलेली, म्हणून तो तात्यासाहेबांनीच उचलला. काकूंनी हुंदका देऊन विचारलं, केव्हा झालं हो? ते म्हणाले, अजून व्हायचंय. मी तात्याच बोलतोय, तुम्ही चालू ठेवा, मी ऐकतोय. काकूंच्या हातून फोन पडला. हे गरिमा सांगत होती तेव्हा मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण त्यानंतर त्यांनी गरिमाकडून ते रील मागून घेतलं आणि चष्मा लावून तीन वेळा पाहिलं.

आज सकाळी त्यांनी गरिमाला मला फोन लावायला लावला. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारलं, शिवाजीरावांची मुलगी ना? पगडी कोणाच्या मापाची? मी म्हटलं, समरजीतच्या. मग म्हणाले, दोरी सांभाळून ठेवलीस होय. मी हो म्हटलं. त्या दिवशी पगडी दिग्विजयच्या कानांवर उतरत होती, म्हणाले, मला दिसत होतं. एवढंच. चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत, ते म्हणणारही नाहीत, तू वाट बघू नकोस. पण मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते, आणि मला दिसत होतं हे त्यांच्या तोंडून निघायला काय लागलं असेल याचा मला अंदाज आहे. मग एकदम करड्या आवाजात म्हणाले, पांढरी राहू दे बाजूला, तिला वेळ आहे. अंजिरी कर, आमच्या दसऱ्याची. त्याच्या डोक्यावर मी माझ्या हाताने ठेवणार आहे. बुधवारी अकराला तुझ्या दुकानात आणतील मला, डॉक्टर अर्धा तास देतो म्हणालाय.

आता तुला ते सांगते जे मंदाताईंना, गरिमाला, दिग्विजयला, स्मृतीला सांगितलं नाही. मी कोपरे पाहिले होते. चारही. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात तुझी चिठ्ठी होती, अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मी बटणावर बोट धरून थांबले होते आणि मग दाबलं. गरिमाचे फोन तू ठेवून देत होतास, दिग्विजयची पत्रं परत येत होती, पण माझी प्रत्येक स्टोरी तू बघत होतास. मला वाटलं, हे तुझ्या एकट्याच्या डोळ्यांना दिसेल. दोरी ओळखशील, पांढरा रंग ओळखशील, आणि काय होऊ घातलंय ते कळून मुरारला फोन लावशील. दीडशे वर्षं ज्या गावात माणसं पगडीचा रंग बघून घर ओळखतात, तिथल्या पगडीवालीने असा विचार करावा, ही माझी खरी चूक. एका जिवंत माणसाला त्याचं सांत्वन ऐकवलं मी. याची माफी मी त्यांच्याकडे बुधवारी मागेन, तू ऐकायला असलास तर बरं होईल. यादीत गुरुवारी तुझं खातं होतं. तू पाहिलंस, आणि मुरारला फोन आला नाही. म्हणजे तू धरून चाललास की सगळं संपलं. संपलेलं नाही, हेच लिहायला बसले होते.

बाकीची कामं बाजूला सारून अंजिरी पगडी साच्यावर चढवली आहे. शेवटचा पदर मी बसवलेला नाही, तो डोक्यावर बघूनच बसवायचा असतो, दोरी तेवढं सांगत नाही. नागपूरहून एका रात्रीचा प्रवास आहे. तू मंगळवारी निघशील असं गृहीत धरून गरिमाने वरची खोली झाडली आहे आणि दिग्विजय स्टेशनवर येणार आहे. या आठवड्यात धुकं दाट आहे, गाड्या सहा-सहा तास उशिरा धावतायत, हे मी फोन ठेवता ठेवता तात्यासाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, येऊ दे उशिरा. मी थांबतो.

तुझीच शाळासोबतीण,
निवेदिता