चौथ्या खेपेचा बेदाणा

चि. धाकटीस, थोरल्या दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता कसा आहे? (तुझ्या वहिनीकडून कळले. तुम्ही दोघी रोज फोनवर बोलता हे मला ठाऊक नाही असे तुम्हाला वाटते, तसेच वाटू दे.) इकडे सर्व क्षेम. मी तर फारच.

पत्रास कारण की, यंदा आपला बेदाणा बाजारात सर्वांत सरस ठरला. आपला व्यापारी कौतुक करताना दाढ दुखल्यासारखा चेहरा करतो, हे तुला माहीतच आहे. त्याने मूठभर उचलला, दाबला, सोडला आणि पुन्हा उचलला. पोपटी-सोनेरी रंग, पातळ साल, दाणा मऊ पण बोटाला चिकटत नाही. त्या दिवशी मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावे म्हणून. तिघांनी विचारले. त्यातल्या दोघांना मीच हाक मारली होती.

आता हे यश काही आयते पदरात पडलेले नाही. गेल्या हंगामात तू द्राक्षे बुडवायच्या द्रावणाची बादली घेऊन उभी राहिलीस आणि मी म्हणालो, "या शेडमध्ये एक तर ही बादली राहील, नाहीतर मी." तू बादली उचलून निघून गेलीस. (बादली न्हाणीघरातली होती, पण ते असो.) तेव्हा यंदाची पहिली खेप मी बाबांच्या पद्धतीने, नुसती पाण्याने धुऊन जाळ्यांवर पसरली. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो आणि तो आतले पाणी सोडत नाही, हे तू सांगितले होतेस. मला वाटले, द्राक्ष इतके हट्टी नसेल. पंधरा दिवसांत वाळायचे ते पंचविसाव्या दिवशीही टुमटुमीत, आणि कोपऱ्यात बुरशी. मग दुसरी खेप पत्र्यावर, कडक उन्हात टाकली. लवकर वाळली खरी, पण काळपट आणि खडखडीत. व्यापाऱ्याने एक दाणा चावला आणि तडक दातांच्या डॉक्टरकडे गेला. तिसऱ्या खेपेला मी मन मोठे करून द्रावण केले, पण भाजीत मीठ घालावे तसे अंदाजाने. वर घड त्यात बुडवून फोनवर बोलत बसलो. साली फाटल्या, रस गळला आणि माल जाळीला असा चिकटला की तुझी वहिनी तीन दिवस उलथन्याने खरवडत होती आणि तीन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. (चौथ्या दिवशी बोलली. तेव्हा वाटले, आणखी एक जाळी असती तर बरे झाले असते.)

चौथी खेप मात्र मोजून बुडवलेली, सावलीत वाऱ्यावर वाळवलेली, वेळेवर उतरवलेली. अनुभवासारखा गुरू नाही, धाकटे, आणि तो माझ्यापाशी आता भरपूर आहे. सोबत पुडी पाठवतो आहे.

तुझा,
दादा

ता. क. – चौथ्या खेपेचे प्रमाण माझे नाही. ते तू शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होतेस: पाणी किती, औषध किती, घड किती मिनिटे बुडवायचे. मी त्यावर चुना फासायला सांगितला होता. तुझ्या वहिनीने चुन्याऐवजी त्यावर चाळणी टांगली, आणि तिसरी खेप खरवडून झाल्यावर ती काढली.

आणखी एक – व्यापाऱ्याने विचारले, हात कोणाचा? मी म्हणालो, "आमच्या धाकटीचा." खुर्ची टाकून बसलो होतो तो त्यानंतर.

शेवटचे – हंगामातली अखेरची खेप पुढच्या आठवड्यात बुडवायची आहे. प्रमाण भिंतीवर आहे, आता मी चुकणार नाही, त्यामुळे मदतीला ये असे म्हणत नाही. नुसतीच ये.